रायनाकाची चिठ्ठी

कोल्हापुरात हेरलेकर वकिलांकडे जायचंय म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नसे. चार पिढ्यांची वकिली. पहिले बळवंतराव, दरबारच्या काळातले, मोडीत अर्ज लिहिणारे. त्यांचे चिरंजीव गोविंदराव, पगडी जाऊन टोपी आली तेव्हाचे. त्यांचे चिरंजीव दादासाहेब इंग्रजीत शिव्या द्यायचे. आणि चौथे बापूसाहेब कुणालाच शिव्या देत नसत, म्हणून लोक त्यांना सज्जन म्हणायचे. या चौघांनी मिळून सव्वाशे वर्षांत एक कागद टाकला नव्हता. सगळे रुमालांत बांधून ऑफिसच्या माळ्यावर. लाल रुमालात जमिनीचे, पिवळ्यात वतनांचे, आणि ज्यांचे पक्षकार निर्वंश झाले त्यांचे पांढऱ्यात. पांढरे रुमाल बरेच होते.

या माळ्याखाली एका टेबलावर यल्लाप्पा सोनुले बारा वर्षं बसला. त्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात त्याच्यापासून करता येत नाही. त्याच्या आईपासून, आक्काताईपासून करावी लागते.

आक्काताई कोडोलीची. घरात एक पितळी डबी होती, डबीत तांबडी चिंधी, चिंधीत एक चिठ्ठी. मोडीत लिहिलेली, घरात कुणालाच न वाचता येणारी. ही डबी देव्हाऱ्यात असायची. छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला, घरोघरचे देव विहिरीत सोडले. तेव्हा नवी सून असलेल्या आक्काताईनं देवांच्या टोपल्यातून डबी तेवढी परत उचलली. सासरा म्हणाला, ऱ्हाऊ दे, त्यो देव न्हवं, कागुद हाय. तेव्हापासून ती उतरंडीत राहिली. घरात एकच गोष्ट माहीत होती. ओढ्याकडेचं तळीचा माळ नावाचं रान आपलं आहे, ते पाटलांच्या जोतीरामच्या आज्यानं दडपलंय, आणि ते आपलं असल्याचा कागद कोल्हापूरच्या कुण्या वकिलाकडे आहे. कुठला वकील, ते चिठ्ठीला माहीत. आणि चिठ्ठी बोलायला तयार नाही.

यल्लाप्पा मॅट्रिक झाला, गावच्या सोसायटीत कारकून झाला, लग्न झालं, दीक्षा नावाची मुलगी झाली. आईनं एकोणनव्वद साली जोतीरामवर दावा लावला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण शहाण्यांकडे रान असतं, त्यांना चढायची गरज काय? कोर्ट म्हणालं, कागद दाखवा. तेव्हा यल्लाप्पा, पस्तिशीचा गडी, एका उन्हाळ्यात कोल्हापुरात मोडीच्या वर्गाला जाऊन बसला. वर्गात सगळी पेन्शनर मंडळी. हा रोज कोडोलीहून एसटीनं यायचा. दोन महिन्यांनी त्यानं घरी कंदिलाशी बसून चिठ्ठी वाचली.

"रायनाक वलद सिदनाक याजकडोन निवाडपत्र असल एक शिक्क्यानिशी पोहोचले. परत नेते वेळी ही चिठी आणून द्यावी, म्हणजे असल देऊ. बळवंत हेरलेकर वकील."

रायनाक म्हणजे यल्लाप्पाच्या आज्याचा बाप, आणि असल म्हणजे मूळ कागद. आक्काताईनं ते तीन वेळा वाचून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे चिठ्ठी न्हेऊन दिली की झालं की."

तिला ते एवढं सोपं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, यल्लाप्पालाही वाटलं.

बापूसाहेबांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी धरली, मग सुलटी धरली. चौथ्या पिढीला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. यल्लाप्पानं वाचून दाखवल्यावर ते हसले. छान हसायचे ते.

"असेल की. माळ्यावर असेल. आमच्याकडचा कागद कुठं जात नाही. पण शोधणार कोण? ते सगळं मोडीत. तुला येतं म्हणतोस, तर तूच शोध. असा उपसून मात्र द्यायचा नाही मी. एकेक रुमाल सोडायचा, वाचायचा, यादीत घालायचा, परत बांधायचा. सापडला की तुझा."

अशी यल्लाप्पानं सोसायटीची नोकरी सोडून हेरलेकरांची धरली. ब्याण्णव साल होतं. बापूसाहेब क्लबात सांगत, "कारकून मिळालाय, मोडी वाचणारा. त्यांच्यातला आहे, पण अक्षर मोत्यासारखं." खरंच मोत्यासारखं होतं. मोत्याला मात्र वेगळा कप होता. ऑफिसातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर स्टीलचा. काचेचे फुटतात, असं कारण होतं. बारा वर्षांत बाकी कुणाकडून काचेचा कप फुटला असेल तर तो त्यांनी मोजला नाही.

यल्लाप्पाचा एक नेम होता. वाचल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही. रुमाल सोडला की आधी धूळ झाडायची, मग कागद उलगडायचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग लिहायचं: कोणाचा, कशाचा, कोणत्या सालचा. लोकांची भांडणं वाचून वाचून त्याला जिल्ह्यातल्या निम्म्या घरांची अब्रू पाठ झाली. कुणाच्या आजीनं कुणावर अन्नवस्त्राचा दावा लावला, कुणाचा दत्तक खोटा, कागलच्या कुठल्या भावांनी तिसऱ्याला वेडा ठरवलं. त्याला ते नको होतं. त्याला एकच नाव हवं होतं. संध्याकाळी कोडोलीच्या एसटीतून उतरून घरी गेला की आक्काताई उंबऱ्यावर बसलेली असायची.

"घावला का रं?"

"न्हाय अजून."

"घावंल. वकील लोक कागुद टाकत न्हाईत."

हा संवाद त्या घरात जेवणासारखा रोज व्हायचा. पाठ झाल्यामुळे दीक्षाही लहानपणी बाहुल्यांशी तोच खेळायची.

हेरलेकरांकडे एक मोठी रीत होती. खंडेनवमीला दप्तराची पूजा. बाकीचे हत्यारं पुजतात, वकील कागद. माळ्यावरचे पाच-सात रुमाल मान म्हणून खाली यायचे, त्यांना नवं कापड, हळदकुंकू, झेंडू. आणि मुख्य मान देवघरातल्या फ्रेमचा. त्या दिवशी बापूसाहेब यल्लाप्पाला हमखास सुट्टी द्यायचे. "दसरा म्हणजे तुमचाही मोठा दिवस. जा, आदल्या दिवसापासूनच जा." यल्लाप्पाला ते आवडायचं. वस्तीवरच्या विहाराला निळे-पांढरे कागद लावायला तो वेळेत पोचायचा, आणि मनात म्हणायचा, मालकाला जाण आहे. माणसाला दाराबाहेर ठेवायचं असेल तर त्याच्या सणाचं निमित्त फार सोयीचं पडतं, हे त्याच्या डोक्यात यायला फार वर्षं लागली.

फ्रेमचं त्याला सांगितलं धोंडुबाईनं. ती हेरलेकरांच्या घरी धुणंभांडी करायची, पण देवघराची फरशी पुसायला तिला परवानगी होती. पंच्याण्णव सालच्या दिवाळीआधी ती ऑफिसात झाडू मारता मारता म्हणाली, "तुम्ही एवढं कागुद वाचताय, पर देव्हाऱ्यापाशी लटकिवलाय त्यो न्हाय वाचला. केवढा शिक्का हाय त्याला, भाकरीएवढा. दसऱ्याला त्याला हळद लावत्यात."

यल्लाप्पानं दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांना विचारलं. भीत भीतच.

"साहेब, देवघरात एक फ्रेम हाय म्हणं. एकदा बघून यादीत घ्यावी म्हणतो."

"ती? ती पणजोबांची सनद रे. दरबारनं दिलेली, वकिलीची. त्या सनदेवर हे घर उभं आहे. तिच्यात काय बघायचं? पोरासोरांना पाठ आहे."

"वाचून घेतली असती."

बापूसाहेबांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. "यल्लाप्पा, ते देवघर आहे. आईंचं सोवळं तुला माहीत आहे. तू लिही ना: देवघर, फ्रेम एक, वकिलीची सनद. मी सांगतोय म्हणजे झालं."

यल्लाप्पानं लिहिलं. बारा वर्षांत न वाचता लिहिलेली ही एकच नोंद. त्याला वाईट वाटलं ते नेम मोडल्याचं. म्हातारीच्या सोवळ्याचं वाईट वाटायचं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. ज्यांच्या दारात उभं राहून मागायचंय, त्यांच्या देवघरावरून वाद घालू नये, एवढा व्यवहार त्याला कळत होता. त्या व्यवहारानंच त्याचा घात केला.

अठ्ठ्याण्णवच्या अखेरीला माळा संपला. शेवटचा पांढरा रुमाल बांधून यल्लाप्पा शिडीवर तसाच बसून राहिला. रायनाक कुठंच नव्हता. वाळवीनं नेलेले काही रुमाल होते, त्यातच गेला असेल, असं बापूसाहेब म्हणाले, आणि स्वतः उठून पाठीवर हात ठेवला. खरंतर ठेवल्यासारखं केलं. हात सदऱ्याला लागला नाही.

इकडे दाव्यात जोतीरामच्या वकिलानं डाव टाकला. वादी म्हणतो कागद हेरलेकरांकडे आहे, तर हेरलेकरांनाच बोलवा. नव्याण्णवच्या मार्चात बापूसाहेब पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांनी शांतपणे सांगितलं, आमच्याकडे असा कागद नाही. कशावरून? त्यांनी यादी हजर केली, तीन जाड वह्या. ही यादी कुणी केली? "वादीच्या मुलानं. सहा वर्षं खपून. अत्यंत विश्वासू माणूस आहे." कोर्टात लोक हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथं हातानं सहा वर्षं घाम गाळून अवलक्षण लिहिलं होतं. चिठ्ठीत निवाडपत्र असा शब्द आहे पण कुठल्या रानाचं ते नाही, असं म्हणून कोर्टानं दावा काढून टाकला.

बाहेर आल्यावर जोतीराम पानाच्या टपरीपाशी उभा होता. दोघं एका शाळेत शिकलेले, त्याच ओढ्यात पोहलेले. त्यानं यल्लाप्पाकडे बघून हात केला.

"काय पावणं, निघाला व्हय गावाकडं? बसा की गाडीत, सोडतो."

पावणं. परक्या माणसाला म्हणतात ते. यल्लाप्पा एसटीनंच गेला. त्या दिवशी आक्काताईनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र विचारलं, तिसऱ्या दिवशीही. निकाल लागला म्हणून सांगितलं तर म्हणायची, "निकाल ऱ्हाऊ दे. कागुद घावला का?" पुढच्या वर्षी चैत्रात ती गेली. शेवटचे दोन दिवस तिला माणसं ओळखू येत नव्हती, प्रश्न तेवढा येत होता. तिला अग्नी दिला तिथून तळीचा माळ दिसतो. त्यात जोतीरामनं प्लॉट पाडून पांढरे दगड रोवले होते.

यल्लाप्पा तरी नोकरीत राहिला. लोक म्हणायचे, आता कशाला? पण जायचं कुठं? सोसायटी सुटली, दीक्षा कॉलेजात. शिवाय एवढी वर्षं ज्या कागदांत बसला ते सोडवेनात, हेही खरं.

दोन हजार चारला बापूसाहेबांनी घर पाडून अपार्टमेंट बांधायचं ठरवलं. माळा जाणार, मग दप्तराचं काय? एका संस्थेचं नवं संग्रहालय होत होतं. त्यांनी ते आनंदानं मागितलं. 'हेरलेकर दप्तर' अशा नावाची स्वतंत्र खोली देणार होते. समारंभाच्या दिवशी सकाळी बापूसाहेबांनी दानपत्र सांगितलं, यल्लाप्पानं स्टॅम्पपेपरवर लिहिलं. सोबतच्या यादीप्रमाणे सर्व कागद, तसेच देवघरातील फ्रेम एक. "सदर कागदांवर आमच्याखेरीज अन्य कोणाचाही हक्क, संबंध अथवा दावा नाही व नव्हता." खाली साक्षीदार म्हणून सही: यल्लाप्पा सोनुले. अक्षर मोत्यासारखं.

दुपारी हॉल भरला. हार, समई, माइक. स्टेजवर शालीखाली झाकलेली फ्रेम. बापूसाहेब भाषणात म्हणाले, गंगा कितीही मोठी झाली तरी उगम विसरू नये, आमच्या घराण्याचा उगम ही सनद. प्रमुख पाहुण्यांनी शाल ओढली. टाळ्या झाल्या. पाहुणे जरा हौशी होते. ते म्हणाले, "नुसतं बघून काय करायचं? वाचून दाखवणारं आहे का कुणी?"

"आहे ना," बापूसाहेब अभिमानानं म्हणाले. "यल्लाप्पा, ये. वाच."

यल्लाप्पा स्टेजवर चढला. काचेवर हळदीची पुटं होती, सत्तर-ऐंशी दसऱ्यांची. शिक्का खरंच भाकरीएवढा. शिक्क्याखालच्या दुसऱ्याच ओळीवर त्याची नजर गेली आणि थांबली. माइकवाल्याला वाटलं आवाज येत नाही, त्यानं टिचकी मारून पाहिली.

गोष्ट झाली होती ती एवढीच. गोविंदरावांच्या काळात कधीतरी काचेच्या फ्रेमा आल्या. माळ्यावरचा सगळ्यांत मोठ्या शिक्क्याचा कागद कुणीतरी निवडला, ही सनद म्हणून टांगला, आणि पुढच्या कुणालाच वाचता येत नसल्यामुळे ती सनदच झाली. तीन पिढ्या त्याला हात जोडत आल्या.

यल्लाप्पाला काहीही वाचता आलं असतं. हॉलमध्ये मोडी जाणणारा दुसरा कुणी नव्हता. वकिलीची एक झकास सनद त्यानं उभ्या उभ्या रचली असती. पण वाचताना रचायचं नाही, हाही त्याचा नेम होता, आणि एक नेम मोडल्याचं फळ तो समोर बघत होता. त्यानं वाचलं, सावकाश, यादीच्या आवाजात.

"निवाडपत्र. मौजे कोडोली येथील रायनाक वलद सिदनाक महार याणी हुजूर अर्ज केला जे, थळ तळीचा माळ हे आपले वडिलोपार्जित असता गावचे पाटील याणी दडपिले. त्यावरून पंचांच्या तोंडजबान्या घेऊन निवाडा केला ऐसाजे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस चिंच, उत्तरेस पाटलाचा बांध. या चतुःसीमेतले रान रायनाकाचे. त्याणे व त्याचे लेकराचे लेकरी सुखरूप अनभवावे. पुढे कोणी हरकत करू नये."

हॉलमधल्या लोकांना निम्मं कळलं नव्हतं. बापूसाहेबांना सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा एकदाच, पाल अंगावर पडल्यासारखा, आक्रसला. मग चार पिढ्यांची वकिली मदतीला धावली. त्यांनी माइक घेतला.

"ऐकलंत? आम्ही आजवर हिला सनद म्हणत होतो. पण सनदेपेक्षा मोठं काही निघालं. त्या काळात आमच्या पणजोबांनी एका गरिबाचं रान पाटलाच्या घशातून काढून दिलं. आणि त्याच समाजातला आमचा यल्लाप्पा आज ते तुम्हाला वाचून दाखवतोय. आमची सेवा फळाला आली म्हणायची."

टाळ्या थांबेनात. निवाडा आधीचा, वकिलांकडे कागद ठेवायला दिला तो नंतरचा, पणजोबांनी घशातून काही काढलं नव्हतं, उलट घशात ठेवलं होतं. हे सांगायला माइक कुणी दिला नाही. यल्लाप्पाला शाल आणि नारळ दिला.

समारंभ संपल्यावर संग्रहालयाचे अधिकारी फ्रेम उचलायला लागले. यल्लाप्पा बापूसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. खिशातून त्यानं प्लॅस्टिकच्या पाकिटातली चिठ्ठी काढली.

"साहेब, ही चिठ्ठी. ही आणून दिली की असल परत, असं तुमच्या पणजोबांनी लिवलंय. मी आणलीया."

बापूसाहेबांनी आजूबाजूला बघितलं. आवाज खाली आणला, पण गोडवा तसाच. "यल्लाप्पा, शहाणा ना तू? दावा संपला. मुदत गेली. तिथं घरं झाली. आता कागद घेऊन तू लावणार कुठं?"

"कुठं लावायचा ते माझं मी बघतो. आई इचारत हुती. तिच्या नावानं घरात ठेवीन."

"पण तो आता माझा कुठं राहिला? सकाळी दान झालं. तूच लिहिलंस, साक्षीला सहीही तुझी. अन्य कोणाचा हक्क नाही व नव्हता." त्यांनी 'व नव्हता' जरा सावकाश म्हटलं. "नक्कल मिळेल. अर्ज कर, मी शब्द टाकतो."

यल्लाप्पाचा चिठ्ठीचा हात पुढेच राहिला होता. बापूसाहेबांनी ती अलगद काढून घेतली, उलटी धरली, मग सुलटी धरली, आणि अधिकाऱ्याकडे दिली.

"ही पण घ्या. याच कागदाची पावती. आमच्या पणजोबांच्या हातची. जोड पूर्ण झाली बघा."

अधिकारी हरखला. असं दोन्ही एकत्र मिळत नाही म्हणाला. यल्लाप्पा म्हणाला, "मग त्याची तरी पावती द्या मला."

"पावती कशाला?" अधिकारी म्हणाला. "यादीत शेवटी नोंद करा की. यादी तुमच्याच अक्षरात आहे."

वही पुढे आली, पेन पुढे आलं. यल्लाप्पानं लिहिलं: चिठी एक, मोडी, रायनाकास दिलेली. देणाऱ्याच्या रकान्यात बापूसाहेबांनी सही केली.

दिवेलागणीला तो कोडोलीत उतरला. उंबऱ्यावर दीक्षा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली होती, आजीच्या जागेवर. शाल बघून ती उठली. आजी गेल्यापासून त्या घरात तो प्रश्न कुणी विचारला नव्हता, पण बापाचं तोंड बघून तिच्या तोंडून तोच निघाला.

"आप्पा, घावला का?"

"घावला."

"कुठं हाय?"

"यादीत हाय," यल्लाप्पा म्हणाला, आणि नारळ तिच्या हातात देऊन चपला काढायला खाली बसला.